मडक्यातला वेळ

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, ऊन मी म्हणत होतं. अत्तालोसच्या स्तोआतल्या, खांबांच्या लांब ओसरीतल्या, संग्रहालयात शिरलो ते खरं तर सावलीसाठी, आणि अडकलो एका मडक्यापुढे. प्राचीन कोर्टातलं पाण्याचं घड्याळ, बुडाशी बारीक तोटी. सुमारे ६.४ लिटर पाणी, ते निथळायला सहा मिनिटं. पाणी संपलं की बोलणं बंद! दावा मोठा असेल तर पाणी जास्त. वकील नाही, ज्याचं भांडण त्यानंच बोलायचं. पैसे असले तर लिसियससारख्याकडून भाषण लिहून घ्यायचं आणि घोकायचं.

जवळच खाचाच खाचा असलेला संगमरवरी दगड, क्लेरोतेरिऑन. खाचांत नावांच्या पट्ट्या खोचायच्या, बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडायच्या. गोटीच्या रंगावर अख्खी ओळ आत किंवा बाहेर. तिशी उलटलेल्या सहा हजार पुरुष नागरिकांतून आज न्याय कोण करणार, हे त्याच सकाळी ठरे. लाच द्यायची तरी कोणाला? मतासाठी दोन काशाच्या चकत्या, एकीचा कणा पोकळ, दुसरीचा भरीव. टोकं चिमटीत धरली की शेजाऱ्यालाही पत्ता लागत नसे.

इतकी हुशारी, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये सुमारे पाचशे जणांनी एका दिवसात सॉक्रेटिसचा निकाल लावला. वर अपील नाही.

आमच्याकडे आजोबांनी घातलेला बांधाचा दावा वडिलांनी चालवला, त्यामुळे ‘एका दिवसात’ वाचून आधी हेवा वाटला. मग भीती.

चार दिवसांनी रोम. फोरममध्ये इ.स.पू. ४५० च्या सुमारास बारा पाट्यांवर कायदा लावला होता. त्याआधी जुना कायदेकर्ता सोलन याचे कायदे पाहायला माणसं अथेन्सला धाडली होती, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. इतिहासकारांना ते फारसं पटत नाही. मला रोमचं कौतुक वाटतं ते प्रेटर या न्यायखात्याच्या अधिकाऱ्याचं. तो दिवाणी दाव्याचा निकाल देत नसे, नेमका प्रश्न लिहून देई : अमुक देणं लागतो असं दिसलं तर दोषी धर, नाहीतर सोड. निवाडा दुसऱ्यानं करायचा. अडलं तर कायदेपंडितांना विचारायचं. त्यातूनच पुढे गायससारख्यांची पाठ्यपुस्तकं आली. अथेन्समध्ये असा पंडितवर्ग तयारच झाला नाही. भांडायचंच झालं तर मी रोममध्ये भांडेन.

फोरममधल्या बॅसिलिका जुलिया या मोठ्या सभागृहात कोर्टं भरत. आता उरलाय चौथरा आणि खांबांचे बुंधे. पायऱ्यांवर खेळांचे पट कोरलेत, वर्तुळं, खळग्यांच्या ओळी.

“तारखेला आलेली माणसं असतील,” बायको म्हणाली.

वडिलांच्या पिशवीत दाव्याच्या कागदांखाली पत्त्यांचा कॅट असायचा.