सिडनी ते ईस्ट मेटलँड: चिझमबाईंच्या वाटेने

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात आलेल्या स्थलांतरितांना निवारा आणि काम मिळवून देणाऱ्या कॅरोलिन चिझम यांच्या खुणा सिडनीत शोधायला निघालेले बहुतेक लोक हाइड पार्क बॅरॅक्स ही जुनी बराक (आता संग्रहालय) गाठतात आणि तिथूनच समाधानाने परत फिरतात. बॅरॅक्स जरूर पाहावी, पण चिझमबाईंची जागा म्हणून नव्हे. निराधार स्थलांतरित मुलींसाठी त्यांनी १८४१ मध्ये उघडलेलं घर इथून दहा मिनिटांवर, बेंट स्ट्रीटला होतं. त्या काळी बॅरॅक्समध्ये पुरुष कैदी राहत. स्थलांतरित बायका तिथे उतरू लागल्या १८४८ पासून, आणि बाई तर १८४६ मध्येच इंग्लंडला गेल्या होत्या.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा आधी सांगायला हवा. बाईंचे यजमान आर्चिबाल्ड चिझम हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी होते. ते कॅथलिक; लग्नाच्या सुमारास बाईंनीही तोच पंथ स्वीकारला. मद्रासला त्यांनी गोऱ्या सैनिकांच्या मुलींसाठी शाळा काढली. तिथे लिहिण्यावाचण्याबरोबर स्वयंपाक, शिवण आणि घरखर्चाचा हिशेब शिकवत. १८३८ मध्ये नवऱ्याच्या रजेत कुटुंब सिडनीला आलं. कॅप्टनसाहेब १८४० मध्ये कामावर परतले, बाई मुलांसह मागे राहिल्या.

सुरुवात सेंट जेम्स स्टेशनपासून करावी. बॅरॅक्स तिथून रस्ता ओलांडला की समोरच. कैद्यांचे झोपायचे झोळे पुन्हा टांगून ठेवलेला वरचा मजला सगळेच पाहतात. त्यापेक्षा जास्त वेळ जमिनीच्या फळ्यांखालून निघालेल्या वस्तूंपाशी द्यावा. उंदरांनी बिळांत ओढून नेलेल्या कापडाच्या चिंध्या, बटणं, जपमाळा तिथे कोरड्या जागेत टिकून राहिल्या. बायकांच्या मुक्कामाचा एवढा जवळचा पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. बाहेर आवाराच्या भिंतीतच आयर्लंडच्या दुष्काळाचं स्मारक आहे. १८४८ ते १८५० दरम्यान ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या चार हजारांवर अनाथ आयरिश मुलींची आठवण म्हणून ते उभारलंय. घाईत ते हमखास राहून जातं.

मग मॅक्वारी स्ट्रीटने उत्तरेकडे चालायचं. टांकसाळ, हॉस्पिटल, संसद मागे टाकली की उजवीकडे राज्य ग्रंथालय लागतं आणि समोरून बेंट स्ट्रीट खाली उतरतो. बाईंच्या घराची एक वीटही शिल्लक नाही, सगळ्या ऑफिसच्या इमारती. म्हणून इथे येण्याआधी त्यांची १८४२ ची पुस्तिका वाचलेली असावी. ती इंटरनेटवर मिळते. वसाहतीचे गव्हर्नर गिप्स यांनी फार आढेवेढे घेऊन इथल्या जुन्या सरकारी बराकीचा एक भाग दिला. बाईंच्या वाट्याला सामान ठेवायची खोली आली. पहिल्याच रात्री उंदरांनी उच्छाद मांडला. बाईंनी आधी पाव टाकून वेळ मारून नेली आणि मग पुढच्या खाण्यात सोमल (आर्सेनिक हे विष) घातला. पुस्तिकेतला हा प्रसंग उंदरांची भीती असणाऱ्यांनी जेवताना वाचू नये.

मूळ कागद पाहायचे असतील तर ग्रंथालयाचं कार्ड आधी ऑनलाइन काढावं (ते मोफत आहे), हवं ते आगाऊ मागवावं, ओळखपत्र न्यावं. दुर्मीळ कागदांजवळ पेन चालत नाही, पेन्सिल लागते. बाईंचं १८५२ चं तैलचित्र याच संग्रहात आहे, पण ते भिंतीवर असेलच असं नाही.

मात्र सिडनीत थांबलं तर बाईंचं काम अर्धंच कळतं. जहाजवाल्यांना सरकारकडून माणशी रक्कम मिळे, त्यामुळे मुलगी धक्क्यावर उतरली की त्यांची जबाबदारी संपली. शहरात मंदी आणि आतल्या मुलखात हातांची टंचाई. मधला रस्ता पार कोण करणार? बाईंनी मुलींना गावाकडे न्यायला बैलगाड्या ठरवल्या, पण मुली घाबरल्या आणि गाड्यांत चढेचनात. त्यानंतर बाई स्वतः बरोबर निघू लागल्या. खेड्यांत पत्रं पाठवून कुठे किती माणसं हवीत ते आधी विचारून घेत. टपालाची सवलत गिप्सनी दिली होती. नोकरी लावून देण्याचे पैसे घेत नसत. कराराच्या प्रती होत, म्हणजे मजुरीवरून वाद झाला की कागद दाखवता येई. सिडनीहून निघालेला त्यांचा सर्वांत मोठा तांडा १४७ जणांचा होता आणि वाटेत भर पडत तो २४० वर गेला. ‘हा पोपचा डाव’ अशी टीका काही प्रोटेस्टंट मंडळींनी केली, तरी मदत करताना बाईंनी पंथ पाहिला नाही.

म्हणून दुसरा दिवस ईस्ट मेटलँडला द्यावा. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून न्यूकॅसल इंटरचेंज, तिथून हंटर लाइनने ईस्ट मेटलँड. एका बाजूला साधारण साडेतीन तास धरावेत. या मार्गावर ओपल हे सिडनीच्या लोकल-बसचं कार्ड चालतं आणि शुक्रवार ते रविवार दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते. पण रुळांच्या दुरुस्तीची कामंही शनिवार-रविवारीच निघतात, गाडीऐवजी बस मिळते आणि तास-दीड तास सहज जातो. आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पुन्हा पाहावं. मेटलँडला थेट जाणारी लांब पल्ल्याची गाडीही आहे, मात्र तिचं आरक्षण वेगळं. त्या गाडीत ओपल चालत नाही आणि इथेच लोक फसतात.

मिल स्ट्रीटवरचं छोटं विटांचं घर बाईंच्या नावाने ओळखलं जातं. सिडनीहून आलेल्या स्थलांतरितांची इथे सोय होई. आत जायला मिळेलच असं धरून जाऊ नये. आधी चौकशी करावी, नाहीतर बाहेरूनच पाहावं लागतं. वेळ उरला तर मॉर्पेथ करावं. हंटर नदीवरच्या या बंदरापर्यंत सिडनीच्या आगबोटी येत, आणि ते पाहिलं की मेटलँडच का, हे नकाशाशिवाय कळतं. डिसेंबर-जानेवारीत इथे भाजून निघायला होतं. एप्रिल ते सप्टेंबर बरं.

चिझम कुटुंब राहत होतं ते विंडसर गाव रिचमंडच्या गाडीने अर्ध्या दिवसात होतं. बाईंच्या कामाचं तिथे फारसं काही नाही, जुनं गाव म्हणून जावं. शाकाहारी मंडळींनी परतताना पॅरामॅटाला उतरून भारतीय हॉटेलांच्या हॅरिस पार्कपर्यंत चालत जावं, जेवणाची चिंता मिटते.

दक्षिणेकडे शेलहार्बरला बाईंनी १८४३ च्या सुमारास २३ कुटुंबं जमिनीवर वसवली. रेल्वेचं शेलहार्बर जंक्शन जुन्या गावापासून लांब आहे, उतरल्यावर बस किंवा टॅक्सी लागतेच. बाई मुलींना घेऊन गेल्या तो गोलबर्नकडचा बैलगाड्यांचा रस्ता पाहायचा तर भाड्याची कार बरी. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून. फक्त दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोहोचावं, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या विम्यात प्राण्याची धडक धरलेली आहे का, ते गाडी घेतानाच विचारून घ्यावं.