आमची वाटचाल : टाचणीएवढ्या भोकांपायी

वडिलांनी वखार टाकली तेव्हा आवारात साग, आईन, किंजळ, फणस एवढाच माल असायचा. मार्च १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करायला सांगितल्या. आमचा परवाना पहिल्यापासून गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेला, त्यामुळे आरा थांबला नाही. पण आऱ्यावर चढवायला लाकूड मिळेना. मग कांडल्याहून मलेशियन सालचा पहिला ट्रक मागवला.

हा साल म्हणजे आपल्या छत्तीसगडच्या सालाचा भाऊबंदच, बोर्निओच्या पावसाळी जंगलातला. तिकडे त्याला बलाऊ किंवा सेलांगन बातू म्हणतात. चांगल्या जड मालाचा ओला तुकडा हौदात टाकला तर तळाला जातो. गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय खिळा आत शिरत नाही, वाकतो. सागावर दिवसभर चालणारं बँडसॉचं पातं यावर जेवणाच्या सुट्टीआधीच बोथट व्हायचं. पात्याला कानस लावायचं काम वडील कुणाला देत नसत. स्टुलावर बसून एकेक दात बोटाने चाचपत आणि मधूनच पातं टिचकी मारून ऐकत. केरुइंग हे तिकडचंच दुसरं लाकूड, ते कापलं की दातांत चिकट डिंक बसतो, रॉकेलच्या बोळ्याने पुसावा लागतो. म्हणजे आऱ्यावर काय चढलंय हे आम्हाला पातंच सांगतं. गिऱ्हाइकाला ते कळायला मार्ग नाही, त्याच्यासमोर पॉलिश मारलेली चौकट येते.

नेमकं हेच हेरून रस्त्यापलीकडे एक नवी वखार उघडली. नाव घेत नाही, गावातल्यांना माहीत आहे. मालकांनी केरुइंगला गडद रंग मारून ते ‘मलेशियन साल’ म्हणून आमच्यापेक्षा कमी भावात विकायला सुरुवात केली. तेही एक वेळ सोसलं असतं. पण आमच्या मालात ‘कीड आहे’ असं त्यांनी बिल्डरांच्या कानात घातलं.

आता खरं काय ते सांगतो. या सालात टाचणीएवढी भोकं असतात. झाड पाडल्यावर ओल्या ओंडक्यात एक बारीक भुंगेरा शिरतो, त्याची ती. लाकूड वाळलं की तो जगत नाही आणि सुक्या चौकटीत पुन्हा शिरत नाही. भोकाची कड काळपट असते आणि त्यातून भुगा पडत नाही. आम्ही ती भोकं तशीच दाखवायचो. समोरचे लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारून द्यायचे.

एका बिल्डरने दोन इमारतींच्या चौकटींची ऑर्डर दिली होती. सगळा माल मापाने कापून, सांधे पाडून तयार. त्यांचा माणूस आला, भोकं बघितली आणि ऑर्डर रद्द करून गेला. मापात कापलेलं लाकूड दुसऱ्याला चालत नाही. बँकेचा हप्ता थकला, आऱ्यावरची दोन माणसं कमी करावी लागली. आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. वडील त्या पावसाळ्यात वखारीत यायचेच बंद झाले. एवढं होऊनही त्या बिल्डरने आजतागायत एक फोन केलेला नाही.

वाचवलं ते आमच्या मिस्त्रींनी. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. पांढरा लेंगा, खिशात पेन्सिल, काखेत गुण्या. घरमालकाला घेऊन यायचे, चौकट काळ्या कागदावर ठेवून हातोडीने ठोकायचे आणि म्हणायचे, “मालक, बघा, भुगा पडला तर पैसे मी देतो.” एक-एक, दोन-दोन करत त्यांनी ती थप्पी अख्ख्या तालुक्यात जिरवली. मापं जुळवायला स्वतः रात्री रंधा मारत बसायचे. मजुरी लावली नाही.

पुढे उन्हाळ्यात समोरच्यांच्या पश्चिमेकडच्या चौकटींतून डिंक पाझरून रंगावर ओघळला. लोक तक्रार घेऊन गेले. “नवीन लाकूड आहे, सुटतो थोडा,” असं सांगून त्यांची बोळवण झाली. आज त्यांचं वातानुकूलित शोरूम आहे.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

चौकट घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. काळपट भोकाला घाबरू नका. पांढरा, पिठासारखा भुगा पडत असेल तर माल घेऊ नका. कडेला फिकट पट्टा दिसला तर तो रसकाठ, म्हणजे खोडाचा बाहेरचा कोवळा भाग, कीड लागते ती त्यालाच. तेवढा भाग तासून मागा. आणि गोल लाकूड घेत असाल तर माप विचारा. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग गुणिले लांबी, या जुन्या हिशेबात खऱ्या घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच माप येतं. या मापाचा भाव आणि खऱ्या घनफुटाचा भाव एकमेकांशी ताडून बघू नका.

२०१८ मध्ये मलेशियाच्या सबाह राज्याने गोल लाकडाची निर्यात बंद केली. आता आम्ही बहुतेक चिरलेला मालच आणतो. आऱ्याला काम कमी झालंय. मिस्त्रींचा मुलगा हल्ली डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या, चौकटी बसवतो. देवघराला आणि मुख्य दाराला मात्र अजून साल नेतो, उधारीवर.