वहीत नाव असलेलं गिऱ्हाईक

सांगलीत गणपती पेठेतल्या एखाद्या जुन्या किराणा दुकानात यादी पुढे सरकवली की आपलं काम संपतं. पोरगा आतबाहेर करत डाळी, पोहे, गूळ काढतो. मालक एका कानाला फोन लावून हळदीचा भाव बोलतो, दुसऱ्या हाताने आकडे मांडतो आणि मधेच विचारतो, "वहिनी, शेंगदाणे निम्मेच? भडंग बंद केलं काय?"

एकेकाळी अमेरिकेतही असंच चालायचं. १९१६ साली मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं, गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली आणि माल त्यालाच शोधायला लावला. १९७४ मध्ये तिकडच्याच एका सुपरमार्केटात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला, तो च्युइंगमच्या पाकिटाचा. आता बिल करायचं कामही आपल्याच गळ्यात येतंय. पगार तेवढा कुणी देत नाही.

सांगलीतच विश्रामबागेत मी जाते त्या दुकानात बिलाला अजून माणूस असतो. आपलं बिल आपणच करायचं हे यंत्र मला भेटलं ते लेकीकडे, इंग्लंडात. साबण काचेवर धरायचा, टुंक वाजलं की शेजारच्या फळीवर ठेवायचा. त्या फळीखाली काटा दडलेला. कुठल्या वस्तूचं वजन किती, हे यंत्राला पाठ. आपली कापडी पिशवी जरा आधी टेकवली की आतली बाई गरजते, "अनएक्स्पेक्टेड आयटम इन द बॅगिंग एरिया!" वर दिवा लुकलुकतो. दोन पौंडांच्या कांद्यांसाठी चोर ठरल्यासारखं होतं. मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पोरगा येतो, कार्ड टेकवतो आणि आपली सुटका करतो. म्हणजे माणूस लागतोच. फक्त तो आता बिल करत नाही, राखण करतो.

नेदरलँड्समध्ये 'जंबो' नावाच्या दुकानांनी २०१९ साली निवांत गप्पा मारत बिल करणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी काढली म्हणे. पेठेत अशा खिडकीला पाटी लावायचीही गरज नाही.

लेकीला मात्र यंत्रच आवडतं, आणि तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. इथे असताना पॅड आणायला गेली की दुकानदार ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा, आणि हे सगळं नजर चुकवत. रांगेतल्या सगळ्यांना कळायचं ते त्या काळ्या पिशवीमुळेच. "मशीन काही गुंडाळत नाही, आई," ती म्हणते. खरं आहे. कुणाच्या टोपलीत काय आहे, याचं त्या यंत्राला काडीचं कौतुक नाही.

पण दुकानदाराच्या त्याच भोचक नजरेला आमचं घरही माहीत असतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्याकडे वीज नव्हती, मोबाइल मेले होते, एटीएम कोरडी. घरात पुरातून आलेले पाहुणे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तांदूळ, तेल, मेणबत्त्या मोजून दिल्या आणि वहीत नाव टाकलं. "द्या की सवडीनं," एवढंच म्हणाला. काट्यावर वजन जुळलं तरच विश्वास ठेवणाऱ्या यंत्राकडे असा रकाना नसतो.

हे मी लेकीला ऐकवलं. ती म्हणाली, "हो, आणि पाणी ओसरल्यावर कुणाची किती उधारी झाली, हे अख्ख्या गल्लीला त्यानेच सांगितलं ना?"

सांगितलं होतं. आमची तिसऱ्या नंबरची होती.