रक्ततपासणीतून निघालेली वाणसामानाची यादी

गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर माझ्या हाती सोळा पानांचा एक रंगीत अहवाल पडला आणि पुढचे अडीच महिने आमच्या स्वयंपाकघराचा कारभार त्याच्या हुकमाने चालला. तक्रार साधीच होती. गेली चार-पाच वर्षे पोट फुगणे, रात्रभर गुरगुरणे, सकाळी उठल्याबरोबर दोन-तीन वेळा धावपळ होणे आणि मग दिवसभर काहीच नसणे, असा क्रम चालू होता. वजन घटत नव्हते, रक्त पडत नव्हते, म्हणून डॉक्टरांकडे जाणे मी टाळत होतो आणि ओवा, हिंगाष्टक, बडीशेप असे घरगुती उपाय आलटून पालटून करत होतो. ठाण्याच्या धाकट्या बहिणीने मग ही तपासणी सुचवली. रक्ताच्या एकाच नमुन्यातून दोनशेहून अधिक पदार्थांपैकी कोणते आपल्याला सोसत नाहीत ते कळते, तिच्या ओळखीतल्या दोघींना गुण आला आहे, आणि माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, असे तिने सांगितले. मी पैसे भरले. तेवढ्या रकमेत आमचे दोन महिन्यांचे वाणसामान सहज आले असते.

अहवालात तीन रंग होते. लाल रकान्यात गहू, गाईचे दूध, दही, अंड्यातील पांढरे, तूरडाळ, शेंगदाणे, लसूण आणि यीस्ट. पिवळ्यात हरभरा, मोहरी, टोमॅटो. आणि हिरव्या, म्हणजे निर्धोक, रकान्यात सामन मासा, टर्की, क्विनोआ, हेझलनट, ऑलिव्ह असे पदार्थ, ज्यांतले निम्मे मी आयुष्यात कधी तोंडात घातलेले नाहीत. सौभाग्यवतीने पाने उलटली आणि म्हणाली, "अहो, ही तर आपण वाण्याला देतो ती यादी आहे." आम्ही दोघेही हसलो. त्या वाक्यात त्या तपासणीचे सगळे शास्त्र आले होते, हे कळायला मला दिवाळी उलटावी लागली.

श्रावणातच शेंगदाण्याचे कूट बंद झाल्यामुळे साबुदाण्याची खिचडी आणि कोशिंबीर ओळखू येईनाशी झाली. पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आली, ती मात्र मला मनापासून आवडली. आमटी मुगाची, तीही लसणाविना. एक मजा सांगण्यासारखी आहे: गहू सोडून महिना झाल्यावर घरातल्या हिंगाच्या डबीवरचा बारीक मजकूर वाचला, तर त्यात मैदा होता. बांधणीचा हिंग पिठात कालवलेला असतो हे पूर्वी कधी लक्षातच आले नव्हते, आणि इकडे मी रोजच्या फोडणीतून इमानाने गहू खात होतो.

तरीही गुण आला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दहा-बारा दिवसांत पोट शांत झाले, आणि मी बहिणीला फोन करून तिच्यासारखाच त्या तपासणीचा प्रचारक झालो. पुढे वजन चार किलोने उतरले, दिवाळीत फराळावर हात मारताच पोट पुन्हा बिघडले, आणि घरच्यांनी मला पोटविकारतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी अहवाल न रागावता, शेवटच्या पानापर्यंत पाहिला आणि विचारले, "यात काय मोजले आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले का?"

सांगितले नव्हते. आपल्या रक्तात प्रतिपिंडांचे (अँटीबॉडींचे) निरनिराळे वर्ग असतात. शेंगदाणा किंवा कोळंबी खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे हे ज्या प्रतिपिंडामुळे घडते त्याला आयजीई म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतील इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमधील योहानसन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले आणि १९६८ साली त्याला हे नाव मिळाले. माझ्या अहवालात मोजले होते ते आयजीजी या दुसऱ्याच वर्गाचे प्रतिपिंड. एका प्लेटमधल्या छोट्या छोट्या खळग्यांमध्ये एकेका पदार्थाचा अर्क बसवलेला असतो, त्यावर आपल्या रक्ताचा द्रव सोडतात, प्रतिपिंडे चिकटली तर पुढच्या रसायनाने रंग येतो आणि यंत्र त्या रंगाची गडदता मोजते. एलायझा नावाची ही पद्धत स्वतः उत्तम आहे, आणि कितीतरी संसर्गांचे निदान तिच्यावर चालते. या अहवालातला आकडाही बहुधा बरोबरच असेल. घोटाळा त्या आकड्याचा अर्थ लावण्यात आहे.

आतड्यातून अन्नातील प्रथिनांचे काही अंश जसेच्या तसे रक्तात शिरतात, शरीर त्यांची ओळख करून घेते आणि त्यांच्यासाठी आयजीजी तयार करते. जे अन्न वारंवार येते त्याची ओळख अधिक दाट होते. हे निरोगी माणसात घडते आणि घडायलाच हवे. त्यातल्या आयजीजी-४ या उपवर्गाचे वागणे तर उलटेच आहे: मधमाश्या पाळणाऱ्या आणि वर्षानुवर्षे दंश सोसूनही काहीच त्रास न होणाऱ्या लोकांच्या रक्तात माशीच्या विषाविरुद्धचे हे प्रतिपिंड भरपूर सापडते, आणि शेंगदाण्याचे वावडे, म्हणजे ॲलर्जी, असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली कणाकणाने शेंगदाणा खायला देऊन सवय लावतात तेव्हा, मूल तो पचवू लागते तसतसे, ते रक्तात वाढत जाते. म्हणजे लाल रकाना शत्रूंची यादी सांगत नव्हता. रोजच्या सवयीच्या पाहुण्यांची हजेरी सांगत होता. आयुर्वेदात ओकसात्म्य अशी एक कल्पना आहे, नित्य सेवनाने जे अंगवळणी पडते ते. प्रतिपिंडांचा आणि तिचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण तो शब्द मला त्या दिवशी आठवला खरा.

ॲलर्जी व प्रतिकारशास्त्राच्या युरोपीय अकादमीने २००८ साली नेमके हेच लिहिले, की अन्नाविरुद्धचे आयजीजी-४ त्या अन्नाशी वारंवार संबंध आल्याचे द्योतक आहे, वावड्याचे किंवा न सोसण्याचे नव्हे, आणि निदानासाठी ही तपासणी करू नये. त्याआधी २००७ मध्ये ब्रिटनच्या उमरावसभेच्या विज्ञानविषयक समितीने, आणि नंतर २०१२ मध्ये कॅनडाच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने अशाच शंका मांडल्या. कॅनडाच्या निवेदनात मुलांबद्दलची काळजी आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पन्नाशीच्या माणसाने अडीच महिने दूध-डाळ सोडली तर चार किलो उतरतात, वाढत्या वयाच्या मुलाचे काय होईल? दुसरा धोका हिरव्या रकान्याचा. ज्याला शेंगदाण्याचे खरे वावडे आहे आणि म्हणून जो तो कधीच खात नाही, त्याचा शेंगदाण्याचा आयजीजी कमी येऊ शकतो. ही तपासणी ॲलर्जीसाठी नाही, असे माझ्या अहवालाच्या तळाशी छापले होते, हिंगाच्या डबीवरच्या मैद्याइतक्याच बारीक अक्षरात.

दुसरी बाजू अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये आतड्याच्या क्षोभाचा विकार (आयबीएस) असलेल्या १५० रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आयजीजीनुसार खरी यादी आणि निम्म्यांना खोटी यादी देऊन तीन महिने पथ्य पाळायला लावले, आणि खऱ्या यादीच्या गटात त्रास सुमारे १० टक्क्यांनी अधिक कमी झाला. त्यावर आक्षेप असा, की खऱ्या यादीत बहुतेकांचे दूध आणि पुष्कळांचे गहू सुटले होते, आणि हे दोन पदार्थ सोडल्यावर पुष्कळांचे पोट तसेही हलके होते, त्यासाठी प्रतिपिंडे मोजावी लागत नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेतून आलेल्या अधिक काटेकोर प्रयोगात, निवडक १८ पदार्थांपुरत्या वेगळ्या चाचणीने, पोटदुखीत अपेक्षित सुधारणा खऱ्या पथ्याच्या गटात सुमारे ६० टक्क्यांना आणि खोट्या पथ्याच्या गटात ४२ टक्क्यांना झाली. हा फरक उडवून लावण्यासारखा नाही आणि त्यावर आणखी काम व्हायला हवे. पण ती तपासणी, तो रोग आणि ते रुग्ण निराळे; त्यावरून दोनशे पदार्थांचा रंगीत तक्ता घरोघरी विकण्याचा परवाना मिळत नाही, असे माझे मत आहे. खोटे पथ्य पाळूनही ४२ टक्के लोकांना बरे वाटले, हा आकडा तर मी स्वतःसाठी लिहून ठेवला आहे.

माझ्या बाबतीत खरे नुकसान झाले ते वेगळ्याच ठिकाणी. न सोसणाऱ्या अन्नाचा छडा लावणारी एक खरी रक्ततपासणी आहे, ती सीलिअक या रोगाची. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, आणि टीटीजी नावाच्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात दिसते. उत्तर भारतात दर शंभरात सुमारे एकाला तो असतो असे दिल्ली परिसरातील पाहणीत आढळले आहे. डॉक्टरांना ही तपासणी करायची होती. पण गहू सोडलेल्या माणसात ते प्रतिपिंड हळूहळू नाहीसे होते आणि रोग असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून मला सहा आठवडे रोज दोन-तीन पोळ्या खाण्याचे औषध मिळाले. दूध तेवढे अजून बंदच ठेवायचे, शेंगदाणे, तूरडाळ, लसूण एकेक करून परत आणायचे आणि वहीत वेळेसकट सगळे लिहायचे. ते सहा आठवडे पोटाने एकदाही तक्रार केली नाही, आणि टीटीजीचा अहवालही निर्दोष आला. गहू आरोपातून सुटला.

वहीची मागची पाने चाळताना डॉक्टरांनी विचारले, की हा त्रास सुरू होण्याच्या सुमारास घरात नवे काय आले होते. मला आठवेना, सौभाग्यवतीला आठवले. २०२० च्या टाळेबंदीत आयुष मंत्रालयाने हळदीच्या दुधाची शिफारस केली होती. ती १५० मिलिलिटरची होती, पण आमच्याकडे झोपताना प्रत्येकी मोठा पेला, म्हणजे जवळजवळ ३०० मिलिलिटर, असा रिवाज पडला आणि करोना गेला तरी तो राहिला. त्याआधी माझ्या पोटात दूध जाई ते चहापुरते.

पुढची तपासणी रक्ताची नव्हती, श्वासाची होती. आदल्या दिवशी साधा भात, सकाळी उपाशीपोटी २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून, आणि मग तीन तास ठरावीक वेळाने एका यंत्रात फुंकर. दुधातली ही साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन वायू तयार होतो, जो माणसाच्या स्वतःच्या पेशी कधीच बनवत नाहीत. तो रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. सुरुवातीपेक्षा दशलक्षात २० भागांनी वाढला तर लॅक्टोज पचत नाही असे धरतात. माझा दुसऱ्या तासातच त्याच्या पलीकडे गेला, आणि पोटाने ते यंत्राच्या आधी सांगितले.

मग त्या लाल रकान्यात दूध होते ते बरोबरच ठरले की, असे बहिणीने लगेच म्हटले. इथेच गंमत आहे. प्रतिपिंडे प्रथिनांविरुद्ध बनतात आणि लॅक्टोज ही साखर आहे. त्यामुळे लॅक्टोज न पचणे आयजीजीच्या तपासणीत दिसूच शकत नाही. दूध लाल आले ते मी दूध पीत होतो म्हणून. त्याच रकान्यात दहीही होते, आणि दही-ताक मला उत्तम चालते, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खातात आणि उरलेला फोडायला पोटात मदत करतात. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला तरी दूध कुठे मानवते? ताकावर तर आयुष्य काढले." मानवणे हा शब्द किती नेमका आहे! वावडे असले तर कणभरही चालत नाही. न मानवणारी वस्तू थोडी चालते, जास्त झाली की बाधते. सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे एक कप दूध, अशा बहुतेकांना एका वेळी सोसते असे डॉक्टरांनी सांगितले. माझा चहा त्यामुळे वाचला.

पूर्ण गुण आला म्हणावे तर तसेही नाही. हळदीचे दूध थांबवल्यापासून रात्री शांत गेल्या, पण आठवड्यातून एखादा दिवस पोट अजून फुगते. डॉक्टरांचा संशय कांद्यावर आहे. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची साखरसाखळी असते जी कोणालाच नीट पचत नाही, पण काहींनाच जाणवते; नॉर्वेत २०१८ मध्ये ५९ जणांवर झालेल्या एका प्रयोगात, ग्लुटेन सोसत नाही असे समजणाऱ्या लोकांना प्रत्यक्षात त्रास फ्रुक्टननेच अधिक झाला होता. लसूण परत आला तेव्हा काही झाले नव्हते, पण आमच्या आमटीत त्याच्या दोन पाकळ्याच असतात, आणि मिसळीवर मी कांदा मूठभर घेतो. तेव्हा सोमवारपासून पंधरा दिवस कच्चा कांदा बंद आहे, आणि त्यानंतर तो पुन्हा सुरू करून वहीत लिहायचे आहे. मिसळ त्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवली आहे.