आज्ञा गुरुवार

गुड फ्रायडेचा आदला दिवस. संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आमचे हे येशूच्या बारा शिष्यांच्या जागी बसणाऱ्या बारा जणांत बसणार होते. धर्मगुरू पाय धुणार, म्हणून दुपारीच ब्रश घेऊन टाचा घासत बसले! बाराही जणांचे पाय चर्चमध्ये शिरण्याआधीच लख्ख असतात, दरवर्षी.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे बायबलमध्ये फक्त योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्यात त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेही आले. पण मला आज जवळचा वाटला तो दुसरा शिष्य पेत्र, पाय पुढे करायलाच तयार नसलेला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अशीच हटून बसली होती. जन्मभर दुसऱ्यांचं केलं, आता स्वतःचं कुणाकडून करून घेणं तिला जमेना. देण्यापेक्षा हे अवघड असावं.

२०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या, एक मुस्लिम. केवढी चर्चा झाली! २०१६ मध्ये नियमच बदलला, आता बायकाही बसू शकतात. आमच्या सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही, तो भाग वेगळा.

आईचं सगळं करायला येणाऱ्या ताई ख्रिस्ती नाहीत. त्यांना या विधीबद्दल सांगितलं, तर म्हणाल्या, "वर्षातून एकदाच?"