त्रेपन्न म्हटलं की ३५ लिहायची - लेकीच्या गणिताचा माझा अनुभव

मुलगी तिसरीत आहे, मराठी मिडीयम. वाचन एकदम झकास, पण गणिताची वही काढली की पोटात दुखायचं, आणि ते नाटक नव्हतं, चेहरा उतरायचा पोरीचा. सगळे म्हणायचे पाढे पाठ करून घ्या. घेतले. सातचा पाढा घडाघडा म्हणते पण मधेच सात सक किती विचारलं की परत सात एके सातपासून सुरू.

मग मी पाढे बाजूला ठेवले आणि नुसते आकडे सांगून लिहायला लावले, तेव्हा कळलं गाडी कुठे अडलीय ते. त्रेपन्नला ३५. एकोणसाठला ६९. ऐकताना तीन आधी येतो म्हणून ती तीनच आधी लिहिणार ना, आणि साठ कानावर पडलं की सहा. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण माझ्या मते अशा मुलांना त्याचा खूप आधार आहे. आम्ही घरी दोन्ही म्हणतो, आधी पन्नास तीन, मग त्रेपन्न.

दुसरं म्हणजे खराट्याच्या काड्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. बेचाळीसमधून सतरा काढायचे तर रबर तीच सोडते, सुट्या काड्या बारा झाल्या हे मोजून बघते आणि मगच सात उचलते. वहीत चार खोडून तीन केले की तो एक कुठे गेला हेच तिला कळायचं नाही, काड्यांत तो समोर दिसतो.

डॉक्टरांनाही दाखवलं. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग शिकण्याच्या टेस्ट. डिसकॅल्क्युलिया निघाला, म्हणजे बुद्धी ठीक असूनही आकडे आणि हिशोब समजायला अवघड जाणं, एक प्रकारची लर्निंग डिसॅबिलिटी. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी येते त्यामुळे सर्टिफिकेट मिळतं, पण आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच असं त्या म्हणाल्या. पुढे दहावीला बोर्डाकडून जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती असतात म्हणून कागदपत्रं आत्तापासूनच नीट फाईल करून ठेवलीत.

स्पीड अजून कमीच आहे. पेपरात काड्या चालत नाहीत म्हणून ती समासात उभ्या रेघा मारते आणि त्यावर लाल शेरा येतो, तर पुढच्या पालकसभेला मी रिपोर्ट घेऊनच जाणार आहे आणि निदान रेघांची तरी परवानगी मागणार आहे.