आधी क्रियापद

स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहा, असा निरोप आला. रमणबाग, म्हणजे आपलं न्यू इंग्लिश स्कूल, म्हटलं की मला आधी संस्कृतच्या बाई आठवतात, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो. आठवीपासून ज्यांनी पूर्ण संस्कृत घेतलं त्यांना नाव सांगायला नको.

वाक्याचा अर्थ पहिल्या शब्दापासून लावत जायचा नाही, हा बाईंचा पहिला नियम. आधी क्रियापद शोधा, त्याचा पुरुष आणि वचन बघा, मग त्याच्याशी जुळणारी प्रथमा, मग कर्म. विशेषणं लिंग-वचन-विभक्ती पाहून आपापल्या नामाला जोडा. अन्वय पुरा झाला की मगच मराठी.

उलट्या बाजूचं भाषांतर जास्त अवघड. ‘रामाने रावणाला मारले’ याचं बहुतेक मुलं ‘रामेण रावणं हतम्’ करत. बाई नुसतं खोडत नसत, चूक कुठून येते ते दाखवत. मराठीत कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात राहतं. तो भावे प्रयोग. संस्कृतात कर्म असलं की कर्मणी करायचा: कर्ता तृतीयेत, कर्म प्रथमेत आणि ‘क्त’चं (म्हणजे ‘हत’, ‘गत’ अशा भूतकाळी धातुसाधिताचं) रूप कर्माप्रमाणे. म्हणून ‘रामेण रावणः हतः’. रावणाच्या जागी ताटका आली की ‘हता’, राक्षस पुष्कळ असले की ‘हताः’. या एका वाक्यावर अख्खा तास जाई, आणि तो सत्कारणी लागे. ‘ला’ची आणखी एक खोड: ‘वाघाला भितो’ इथे द्वितीया नाही, पंचमी, ‘व्याघ्रात् बिभेति’.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले आणि टिळकांबरोबर त्यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढलं. वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले. मॅट्रिकच्या संस्कृतसाठी मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीत शाळेचं नाव पहिल्या काही वर्षांतच गाजलं, त्यामागे आपट्यांची शिकवणी होती. संस्कृत रचनेवरचं त्यांचं पुस्तक आधी वाक्यरचना घेतं, कर्ता-क्रियापदाच्या मेळापासून सुरुवात करतं. बाई शिकवत ते याच वाटेनं. १८९० साली आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आला आणि १८९२ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले.

आता गाइडात भाषांतर तयार मिळतं, मुलं ते पाठ करतात. गुण पैकीच्या पैकी येतात, पण नवं वाक्य दिलं की पेन थांबतं. याचं मला फार वाईट वाटतं. आपट्यांचं पुस्तक अजून बाजारात मिळतं. आठवीच्या प्रत्येक तुकडीत त्याची एक प्रत असावी, एवढी मुख्याध्यापकांना विनंती. खर्च आमची तुकडी करील.